परवडणारी शिकार

काही वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम करणाऱ्या एका छोट्या संस्थेतले दोन तरुण सोनईला माझ्या घरी आले होते. बिबटे पकडण्याच्या मोहिमांवर त्यांना मालिका करायची होती. नेवासे, राहुरी, पारनेर, अकोले या पट्ट्यातल्या घटना मी सुचवाव्यात, एवढीच अपेक्षा. त्यांच्याजवळ प्रश्नांचा एक छापील तक्ता होता. जागा पक्क्या रस्त्यालगत आहे काय? दोन दिवसांत काम उरकेल काय? विहीर आहे काय? गर्दी जमेल काय? शेवट नक्की आहे काय? मी सांगितलेल्या सात घटनांपैकी त्यांनी दोन उचलल्या. दोन्ही विहिरीतल्या. ती मालिका पुढे झालीच नाही, पण तो तक्ता माझ्या मनातून गेला नाही. आज संध्याकाळच्या बातम्यांत बिबट्या दिसला की हे सारे त्या पाच प्रश्नांतून गाळून आले आहे, हे लगेच ओळखू येते.

या मोहिमांना मी शिकार म्हणतो याचे कोणाला नवल वाटेल. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या पाहावी. तीत मारणे तर आहेच. शिवाय पकडणे, सापळ्यात अडकवणे, हाकणे आणि आमिष दाखवणेही आहे. म्हणजे शेळी बांधून लावलेला पिंजरा कायद्याच्या भाषेत शिकारच. म्हणूनच बिबट्या पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. कायद्याने बंदुकीची हौस बंद केली. शिकारीची गोष्ट ऐकण्याची आपली हौस मात्र राहिली. पूर्वी ती मासिकांतल्या शिकारकथा भागवीत. आता ते काम वाहिन्यांकडे आले आहे.

त्या तरुणांचा तक्ता मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. चित्रीकरणात सर्वांत महाग वस्तू म्हणजे वाट पाहणे. कॅमेरावाल्याची रोजची मजुरी, गाडी, मुक्काम, जेवण. दिवस वाढला की आकडा वाढतो. उसाच्या बांधावर पिंजरा लावला तर बिबट्या आज येईल, आठवड्याने येईल किंवा येणारच नाही. येईल तोही अंधारात. विहिरीचे तसे नाही. जनावर जागचे हलत नाही, उजेड असतो, काठावर फुकटात गर्दी असते. वनखात्याची माणसे दोराने बाज किंवा पिंजरा खाली सोडतात, काही तासांत बिबट्या वर येतो, टाळ्या पडतात. आरंभ, मध्य आणि अंत एकाच दुपारी मिळतात. एवढ्या स्वस्तात एवढी बांधेसूद कथा दुसरीकडे मिळणार नाही.

माझा आक्षेप स्वस्ताईवर नाही. या निवडीमुळे गोष्ट कोठे संपते यावर आहे. ‘बिबट्या जेरबंद’ हे शब्द पडद्यावर आले की बातमी संपते. जेरबंद म्हणजे मूळचा घोड्याच्या सरंजामातला एक पट्टा. घोड्याने डोके वर झटकू नये म्हणून लावायचा. त्या पट्ट्याने घोडा ताब्यात राही आणि प्रवास सुरू होई. वाहिनीवरच्या जेरबंद बिबट्याचा प्रवास मात्र आपल्याला कधी दिसत नाही.

तो दिसला असता तर काय दिसले असते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. आमच्या तक्त्याप्रमाणे ही पाचही गुणांची घटना. त्याला बाहेर काढले, तेव्हा कथा संपायला हवी होती. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. महिन्याभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वे, वस्त्या, कारखाने. आणि माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. त्याचे नाव ‘आजोबा’ पडले. २०११ साली रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. २०१४ साली सुजय डहाके यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. शिकारीची गोष्ट जिथे थांबते तिथून पुढे चालणारा, माझ्या पाहण्यातला मराठीतला हा एकच लोकप्रिय प्रयत्न. विहिरीच्या काठावरून उठून गेलेल्या कॅमेऱ्याला यातले काहीच मिळाले नसते.

न दाखवलेल्या उत्तरार्धाची किंमत माणसेही मोजतात. शेजारच्या जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर चालली. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार तिच्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते; २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. पडद्यावर पिंजऱ्याचे दार पडले की गावाची सुटका झाली, असे आपण शिकलो. म्हणून उसात ठिपक्यांची पाठ नुसती दिसली तरी ‘पिंजरा लावा’ ही पहिली मागणी होते. गोष्टीचा शेवट असा लोकांच्या मागणीत उतरतो.

याच्या उलट अकोल्याचे पाहा. तिथल्या १७९ चौरस किलोमीटर शेतीच्या मुलखात कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस आढळले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात असा तो प्रदेश. बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. ही गोष्ट तक्त्यात बसत नाही. तीत काही घडतच नाही. पण एवढी माणसे आणि एवढी जनावरे एकमेकांना चुकवीत रोज कशी जगतात, यापेक्षा मोठे रहस्य कोणत्या शिकारकथेत आहे?

कोणी म्हणेल, काही घडत नाही ते कोण पाहील? त्यांना मी जिम कॉर्बेटची आठवण देईन. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. त्यावरचे कॉर्बेटचे पुस्तक १९४८ साली आले. त्यात अलकनंदेवरच्या पुलाच्या मनोऱ्यावर तो वीस रात्री बसतो. बिबट्या येत नाही. पुलावरून जाते ते एक कोल्हे. आमच्या तक्त्याने या वीस रात्री कापल्या असत्या. पण वाचक भितो तो तिथेच, कारण त्या रात्रींत तो गढवालच्या खेड्यांत दारे लावून बसलेल्या माणसांसारखा वाट पाहत असतो. नेम लागतो ती ओळ वाचताना भीती केव्हाच संपलेली असते.

ज्यांच्या घरातले मूल बिबट्याने नेले, त्यांना अकोल्याचे आकडे ऐकवणे क्रूरपणाचे होईल, हे मी जाणतो. नगर जिल्ह्यात, जुन्नर-शिरूरकडे अशी घरे आहेत. त्या वेळी पिंजरा लागतो, कधी गोळीही लागते. पण त्या घरावरही वाहिनी एकच दिवस थांबते, कारण दुसऱ्या दिवसाचा खर्च परवडत नाही.

शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की आमच्याकडे माणूस बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारे धरायला जातो. बांधावर उभा राहून मोठ्याने खोकतो, मोबाईलवर गाणी लावतो, मग आत शिरतो. पहाटे चिखलाचे पाय घेऊन परत येतो. त्या दोन तरुणांना मी हीच आठवी घटना म्हणून सांगितली होती. रस्ता पक्का आहे, एका रात्रीत काम होईल, खर्च नाही. एकाने लिहून घेतले आणि विचारले, ‘पण यात बिबट्या दिसेल का?’ मी म्हटले, बहुधा नाही. त्याने ओळ खोडली. ते पुन्हा आले तर मी त्यांना पुन्हा तेच सांगेन, आणि या वेळी रात्री बरोबर चला म्हणेन.