पाण्यातलं कळतं, घरातलं कळत नाही : नॉर्मन मॅक्लीन यांची ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठ्या आल्या असतील. ट्राउट नावाचा मासा, तो पकडायची फ्लाय फिशिंग नावाची रीत आणि त्यावर बेतलेली एक अमेरिकन कादंबरिका. आपल्याकडे माशाबद्दल बोलायचं तर बाजारात उभं राहून बोलतात, कल्ला उघडून बघत. (हशा) पण या पुस्तकाबद्दल एक गोड समज पसरलेला आहे आणि आज मला त्या समजाशी भांडायचं आहे. समज असा, की हे पुस्तक निसर्गाच्या कुशीत मनाला शांती कशी मिळते ते सांगतं. माझं म्हणणं उलट आहे. माणसाला एक कौशल्य अगदी पूर्णत्वाने येतं आणि तरी ते त्याच्या जवळच्या माणसाला वाचवायला उपयोगी पडत नाही, हे दुखणं या पुस्तकात आहे. मासेमारीचा आनंद त्यात खरा आहे. म्हणून तर दुखणंही खरं वाटतं.

आधी थोडं पुस्तकाबद्दल. नॉर्मन मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९७३ साली निवृत्त झाले आणि १९७६ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचं हे पहिलं ललित पुस्तक आलं. तेही विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेकडून, जी तोवर ललित साहित्य छापत नव्हती. पुढच्या वर्षी पुलित्झरच्या परीक्षकांनी त्याची शिफारस केली, पण मंडळाने त्या वर्षी कथात्म साहित्याला पुरस्कारच दिला नाही. गोष्ट मोंटाना राज्यातली, १९३७ च्या उन्हाळ्यातली. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. दोन मुलगे : निवेदक नॉर्मन आणि धाकटा पॉल. पॉल वार्ताहर आहे, दारू पितो, जुगारात देणी करून बसलाय, मारामाऱ्या करतो. आणि बिग ब्लॅकफूट नदीवर त्याच्या तोडीचा मासेमार नाही.

आता ही फ्लाय फिशिंगची भानगड काय आहे? ती कळल्याशिवाय पुस्तक कळणार नाही. कोकणात गरी टाकून बसणारा माणूस आपण पाहिलेला असतो. गरीला आमिष, दोरीला वजन. वजन फेकलं की त्याच्यामागे दोरी जाते. फ्लायमध्ये हे सगळं उलटं होतं. इथे गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. मराठीत गंमत आहे बघा, माशी दाखवून मासा पकडायचा. (हशा) पण या माशीला वजनच नसतं, ती फेकणार कशी? म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. शिकाऊ माणूस थांबत नाही, घाई करतो आणि दोरी त्याच्याच गळ्यात पडते. मॅक्लीनचे वडील हे मुलांना मेट्रोनोम लावून शिकवतात, संगीताच्या तालमीत ठेका धरायला ठेवतात ना, ते यंत्र. चार मात्रांचा ठेका, आणि काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधेच हलली पाहिजे.

फेक जमली म्हणजे संपलं का? नाही. नदी सगळीकडे एका वेगाने वाहत नाही. मधे जोर, काठाला संथ. दोरी जोराच्या पाण्यात सापडली की ती माशीला ओढत नेते. खरी माशी पाण्यावर अशी पळत नाही आणि हे ट्राउटला बरोबर कळतं. शिवाय त्या दिवशी, त्या तासाला नदीवर कोणते कीटक निघाले आहेत, ते पाहून माशी निवडावी लागते. मेफ्लाय हा कीटक जवळजवळ सारं आयुष्य पाण्याखाली काढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दोन दिवस जगतो. पंख फुटल्यावर त्याला खाताही येत नाही. माशाला फसवायचं तर या एवढ्याशा जिवाचं वेळापत्रक माणसाला पाठ हवं.

म्हणजे इथे अडचण मुद्दाम ओढवून घेतलेली आहे. गांडूळ लावून मासा मिळतोच की! इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हॅलफर्ड आणि त्यांच्या अनुयायांनी आग्रह धरला, की माशी पाण्यावर तरंगणारीच हवी. स्क्यूज यांनी १९१० साली पुस्तक लिहून सांगितलं, की मासा पाण्याखाली खात असेल तर पाण्याखालची माशी वापरण्यात काय पाप आहे? हा वाद दोघांच्या पश्चातही चालू राहिला. याच स्क्यूज यांची एक छोटी गोष्ट आहे. एक मासेमार मरतो आणि त्याला वाटतं, आपण स्वर्गात आलो. सुंदर नदी, उत्तम काठी आणि पहिल्याच फेकीला अडीच पौंडांचा मासा. दुसऱ्या फेकीलाही तसाच. तिसऱ्यालाही. जागा सोडायची सोय नाही, थांबायची सोय नाही. हळूहळू त्याच्या लक्षात येतं, हा स्वर्ग नाही, नरक आहे. फ्लाय फिशिंगच्या आनंदाबद्दल याहून नेमकं विधान मला माहीत नाही. हुकण्याची शक्यता काढून घेतली की आनंदही जातो.

आता मॅक्लीनकडे परत येऊ. स्क्यूजचा मासेमार जी अडचण हरवून बसतो, ती त्याने हौसेने पत्करलेली होती. मॅक्लीन विचारतात, जी अडचण आपण निवडलेलीच नाही तिचं काय? ही काठी खाली ठेवून घरी जाता येत नाही. ती घरातच बसलेली असते. या कादंबरिकेत अशी दोन घरं आहेत. एका घरात पॉल. दुसऱ्या घरात, म्हणजे नॉर्मनच्या सासरी, मेव्हणा नील. हा नील कॉफीच्या डब्यात गांडुळं घेऊन नदीवर येतो, थंडीत टाकलेली बिअर पिऊन संपवतो आणि एका बाईबरोबर वाळूत नागडा झोपून उन्हात भाजून निघतो. प्रसंग हसू येईल असा लिहिलाय. पण नीलच्या आईला आणि बहिणीलाही त्याला मदतच करायची आहे, आणि तो ती घेत नाही. म्हणजे नील हा पॉलचाच विनोदी अवतार आहे. मॅक्लीन यांनी जन्मभर शेक्सपिअर शिकवला. शोकांतिकेच्या मधे विदूषक का उभा करायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक प्रसंग बघा. शेवटच्या दिवशी वडील आणि दोघे मुलगे नदीवर आहेत. नॉर्मनला मासे लागेनासे होतात. पॉल त्याच्याकडे येतो, मासे या वेळी काय खात आहेत ते त्याने ओळखलेलं असतं, आणि तो ते थोरल्या भावाला सांगतो. ज्याला मदतीची गरज आहे तोच मदत करतोय. आणि किती सहज! पॉल म्हणतो, माशासारखा विचार करायला मला अजून तीन वर्षं हवीत. वाचकाला ठाऊक असतं, त्याच्याकडे तीन वर्षं नाहीत. नॉर्मन पाण्यातल्या किड्याचं मन ओळखू शकतो. भावाचं मन त्याला ओळखता येत नाही, आणि विचारताही येत नाही. या घरातले पुरुष एकमेकांशी बोलतात ते नदीच्या भाषेत. ती भाषा सुंदर आहे, पण जुगाराच्या देण्यासाठी तिच्यात शब्द नाही.

मग पॉलला कोणीतरी मारून गल्लीत टाकून देतं. नॉर्मन आईवडिलांना सांगायला निघतो, आणि त्याचा रस्ता बिग ब्लॅकफूटच्याच काठाने जातो. नंतर वडील पुन्हा पुन्हा विचारतात, अजून काही सांगायचं राहिलंय का? नॉर्मन सांगतो, हाताची हाडं मोडलेली होती. वडील विचारतात, कुठल्या हाताची? उजव्या. बस. ज्या हाताला बापाने ठेका शिकवला तोच हात. मॅक्लीन इथे एकही विशेषण वापरत नाहीत. खऱ्या आयुष्यात पॉलचा खून १९३८ साली शिकागोत झाला. लेखकाने ते मरण मोंटानात, नदीजवळ आणलं. काही जण याला पळवाट म्हणतील. मला ती कथेची गरज वाटते : ज्या नदीने सगळं शिकवलं तिच्या काठाने ही बातमी घेऊन जावं लागलं, तरच तिच्या शिकवणीची मर्यादा दिसते.

आता १९९२ चा रॉबर्ट रेडफर्ड यांचा चित्रपट. छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं आणि ते रास्तच होतं. पण त्याने एक केलं. नदी इतकी देखणी करून ठेवली, की प्रेक्षक मदतीचा प्रश्न विसरून काठी विकत घ्यायला धावले. (हशा) आणि गंमत अशी, की नदीवरचं चित्रण बरंचसं दुसऱ्याच नद्यांवर, मुख्यतः गॅलटिनवर झालं. खाणी आणि लाकूडतोड यांनी खुद्द ब्लॅकफूटची अवस्था बिकट करून ठेवली होती. ‘निसर्गात शांती मिळते’ या वाक्याचा हा आधार! शांती द्यायला त्या नदीलाच मदतीची गरज होती. पुढे तिच्यावर बरंच काम झालं, आणि ती क्लार्क फोर्कला मिळते तिथलं मिलटाउन धरण २००८ साली फोडलं गेलं. नदीला मदत करता आली, भावाला नाही.

हेमिंग्वे यांच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’शी तुलना करून पाहा. ही कथा १९२५ ची. निक ॲडम्स एकटाच ट्राउट पकडायला जातो. युद्धाचा उल्लेख नाही, पण ते प्रत्येक वाक्यामागे उभं आहे. निककडे काठी फ्लायची आहे, पण आमिष म्हणून तो जिवंत नाकतोडे लावतो. सोडायच्या माशाला हात लावण्याआधी तो हात ओला करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. आणि पुढच्या दलदलीत आज जायचं नाही, असं तो ठरवतो. म्हणजे निक आपली अडचण मापून घेतो, आज एवढीच. हे औषध आहे आणि ते लागूही पडत असावं. पण निक एकटा आहे. मॅक्लीनच्या नदीवर कुटुंब आहे आणि कुटुंबाला दलदल टाळता येत नाही. म्हणून मला मॅक्लीनचं पुस्तक अधिक धाडसी वाटतं.

त्यात उणीव नाही का? आहे आणि ती लहान नाही. पॉलची एक शायेन मैत्रीण आहे. नॉर्मन तिला इतिहासातल्या एका शायेन स्त्रीच्या नावाने हाक मारतो, तिचं स्वतःचं नाव आपल्याला कळतच नाही. जो निवेदक माशीच्या पंखाचा रंग सांगायला चुकत नाही, त्याची नजर इथे ढिली पडते. घरातल्या बायकाही काठावरच राहतात, स्वयंपाक करत, वाट बघत. नॉर्मनला पॉल कळला नाही याची लेखकाला जाणीव आहे, त्यावरच पुस्तक उभं आहे. या बायका कळल्या नाहीत याची जाणीव त्या मानाने फार कमी आहे.

तरी हे पुस्तक वाचा, असं मी आग्रहाने सांगेन. मासेमारीत रस नसला तरी वाचा. आपल्यापैकी प्रत्येकाला काही ना काही छान येत असतं. कुणाला गाणं, कुणाला हिशेब, कुणाला रोग्याची नाडी. आणि प्रत्येकाच्या घरात असं एक माणूस असतं, ज्याच्यापुढे ते काही चालत नाही. मॅक्लीन यावर उपाय सांगत नाहीत. ते एवढंच दाखवतात, की पूर्ण न कळलेल्या माणसावरही पूर्ण प्रेम करता येतं, आणि त्यांना हे सांगायला ७३ वर्षांचं व्हावं लागलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.