प्रवासवर्णनातील हरवलेला मुक्काम

आमच्या शाळेची सहल गेल्या वर्षी हंपीस गेली होती. बेळगावहून हुबळीपर्यंत एक गाडी व तेथून होसपेटपर्यंत दुसरी, असा तो प्रवास. परतल्यावर, शिक्षकांच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे, मुलांकडून सहलीवर निबंध लिहून घेतले. चाळीस वह्यांपैकी एकोणचाळीस वह्यांत 'आम्ही गाडीत बसलो' या वाक्यामागोमाग 'आम्ही हंपीस पोहोचलो' हे वाक्य आले होते. चाळिसाव्या वहीतील मुलीने मात्र अर्ध्याहून अधिक निबंध हुबळी स्टेशनाबाहेरच्या एका खानावळीवर खर्च केला होता. पाटीवर कन्नड अक्षरांत 'खानावळी' असे लिहिलेले होते, म्हणजे शब्द आपलाच आहे. भाकरीला तेथे रोट्टी म्हणतात, पण ती थापण्याचा आवाज आजीच्या भाकरीचाच आहे, असे तिने नोंदवले होते. मी समासात तांबड्या शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि दोन गुण कमी केले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शेऱ्याचे पुनर्परीक्षण होय.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना हे वळण आमच्या प्रवासवाङ्मयाने आणि ते शिकवणाऱ्या आम्ही शिक्षकांनीच लावले आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' पाहावा. द्रव्यप्राप्तीच्या आशेने वरसईचा हा भिक्षुक ग्वाल्हेरच्या बाजूस निघाला आणि १८५७ च्या वणव्यात सापडला. ग्रंथ छापून निघाला तो १९०७ साली. त्यात लढाया आहेत, झाशी आहे; परंतु त्याचबरोबर मुक्काम कोठे पडला, आश्रय कोणी दिला, पोटाची सोय कशी झाली, हेही आहे. पायी चालणाऱ्याला मुक्काम टाळता येत नाही, म्हणून त्याच्या लेखनातही तो टळत नाही. त्या ग्रंथाच्या सजीवपणाचा एक मोठा भाग या मुक्कामांत आहे, असे माझे मत आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे एकवीस मैलांचे अंतर गाडीने तोडले आणि प्रवासाबरोबर प्रवासाचे गद्यही बदलले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथात आगगाडी हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे. पुढे कौतुक ओसरले व आगगाडी दोन वाक्यांमधील मोकळ्या जागेत जाऊन बसली. अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. पण सामान्य प्रवासवर्णन अद्यापि स्थळी पोहोचल्यावरच डोळे उघडते.

अलीकडे या मोकळ्या जागेकडे लेखकांचे लक्ष वळू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट. जुन्या रेल्वे हॉटेलांविषयी आणि गाडीतील भोजनाविषयी बरेच लिहिले जाते. तथापि या लेखनाचा सूर बहुधा हळहळीचा असतो: काय ते उंच छत, काय ती पांढरी चादर, काय तो अदबीने वाकणारा खानसामा! ही हळहळ समीक्षेच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

इंग्लंडात रेल्वे कंपन्यांनी मोठ्या स्टेशनांना जोडून हॉटेले बांधली. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाचे मिडलँड ग्रँड हॉटेल १८७३ मध्ये उघडले, १९३५ मध्ये बंद पडले आणि २०११ मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झाले. आपल्याकडे बंगाल नागपूर रेल्वेने रांचीस १९१५ मध्ये आणि पुरीस १९२५ मध्ये हॉटेल काढले. दोन्ही आजही खासगी व्यवस्थापनाखाली चालू आहेत. पुरीच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून समुद्राचा वारा खाण्यात सुख आहे, हे मी नाकारीत नाही. ते सुख मी घेतले आहे. परंतु लेखकाने त्या सुखाच्या आसपासही पाहावयास हवे.

रांचीचेच उदाहरण घेऊ. तेथील हॉटेल सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. त्याच रांचीहून २५ सप्टेंबर १९१७ रोजी गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी वृत्तपत्रांना एक पत्र लिहिले. नुकताच त्यांनी मुंबई ते मद्रास असा प्रवास केला होता. बावीस उतारूंच्या डब्यात बराच काळ पस्तिसांहून अधिक माणसे होती. वाटेत मिळणारा चहा गढूळ व घाणेरडा होता. डबा एकदाही झाडला गेला नव्हता. हे सारे त्यांनी शांतपणे, आकडे देऊन सांगितले आहे. एकाच गावी रेल्वेचे सुशोभित भोजनगृह आणि रेल्वेच्याच चहाविषयीची ही तक्रार, यांपैकी एकच ज्याला दिसते त्याचे प्रवासवर्णन अर्धे होय. मला तर ते पत्र उत्कृष्ट प्रवासगद्याचा नमुना वाटते. आम्ही ते राजकारणाच्या कपाटात ठेवले, म्हणून वाङ्मयाच्या तासाला त्याची आठवण होत नाही.

दुसरे उदाहरण 'रेल्वे मटण करी' या प्रसिद्ध पदार्थाचे. कोणी गोरा अधिकारी वासाने ओढला जाऊन स्वयंपाकघरात शिरला, त्याला रस्सा फार तिखट लागला, मग आचाऱ्याने तो सौम्य केला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा रचलेली, तिची घडण पाहावी. तीत साहेब आहे, पदार्थ आहे, साहेबाची जीभही आहे. आचाऱ्याला मात्र नाव नाही. ज्याच्या हातची चव आठवून हळहळायचे त्याचे नावही न विचारणे, ही या लेखनप्रकारातील मूलभूत उणीव आहे.

आपल्या डेक्कन क्वीनची गोष्टही याहून वेगळी नाही. १ जून १९३० रोजी ती धावू लागली आणि तिचे भोजनयान आजही आपल्या कौतुकाचा विषय आहे. पण या गाडीला तिसरा वर्ग जोडला गेला तो १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसांना ही गाडी केवळ समोरून जाताना पाहावी लागली. स्टेशनास्टेशनांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' अशी वेगवेगळी व्यवस्था होती, आणि उपाहारगृहेही तशीच विभागलेली होती. आज त्या भोजनयानात कोणीही तिकीट काढून बसू शकतो. हळहळणाऱ्या लेखकाने एवढी एक गोष्ट आनंदाने लिहावयास काय हरकत आहे?

याउलट स्थानिक खाण्याचा जन्म पाहिला, तर त्यात प्रदेशाचा भूगोल आढळतो. कर्जतचा वडा प्रसिद्ध का झाला? १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी जाऊ लागली. सदतीस फुटांस एक फूट असा तेथील चढ. त्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात आणि गाडी थांबते. त्या थांब्याने कढई पेटवली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, माणसे बदलावी लागत. अशा सक्तीच्या विश्रांतीतून स्टेशनांची पाककला वाढली.

आमच्या भागातील वाचकांना मिरजेची आठवण असेलच. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला, आमचा मात्र अरुंदच राहिला; तो रुंद होईपर्यंत बेळगावकराला मिरजेस गाडी बदलणे भाग होते. वडिलांबरोबर पुण्यास जाताना त्या फलाटावर, ट्रंकेवर बसून, द्रोणातली भजी मी कितीदा खाल्ली आहेत. शेजारी गोव्याचा एखादा उतारू, समोर हुबळीचा व्यापारी, आणि कोठून आलात, कोठे चाललात, हा संवाद तीन भाषांच्या मिश्रणात चाललेला. गोव्याच्या वाटेवरील कॅसलरॉक आणि कुळे ही स्टेशने तर १९६१ पर्यंत दोन राजवटींच्या सीमेवर होती. सीमा कोठे आहे हे नकाशा सांगतो. ती ओलांडताना माणसाला काय वाटते, हे अशा फलाटांवर कळत असे. ते लिहिले गेले असते तर आमच्या सीमाभागाच्या वाङ्मयाला एक दालन लाभले असते.

आता थांबे आखूड झाले. मोबाइलवर मागणी नोंदवली की पुढच्या स्टेशनात अन्न आसनावर येते. सोय मोठी आहे आणि वृद्धांना, लेकुरवाळ्या स्त्रियांना तिचा उपयोग आहे. पण त्यात खाणारा व रांधणारा यांची दृष्टिभेटही होत नाही. म्हणून जे थांबे अद्यापि उरले आहेत, त्यांचे लेखन करण्याची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे.

कोणी म्हणेल, हे म्हणजे खाद्यपदार्थांची जंत्री करण्याचे समर्थन झाले. मुळीच नाही. बेळगावचा कुंदा, गोकाकचे करदंट, लोणावळ्याची चिक्की अशी नावे ओवून साहित्य होत नाही. 'अप्रतिम' आणि 'जिभेवर रेंगाळणारी' या विशेषणांनी तर निश्चितच नाही. अशा लेखनाला समीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. हा पदार्थ येथेच का मिळू लागला, हे लेखकाने शोधले काय? तो कोणी रांधला, हे त्याने पाहिले काय? आणि या पंगतीत कोण बसू शकत नव्हते किंवा नाही, याची त्याला जाणीव आहे काय? या तिन्हींची उत्तरे जेथे मिळतात, तेथे साधा वडाही वाङ्मयाचा विषय होतो. जेथे मिळत नाहीत, तेथे पुरीच्या समुद्रकाठचे मेजही निव्वळ जाहिरात ठरते.

या कसोटीवर मी ती चाळिसावी वही पुन्हा वाचली. पाटी कोणत्या लिपीत आहे, हे त्या मुलीने पाहिले होते. भाकरी थापणाऱ्या बाईंना तिने मावशी म्हणून हाक मारून त्यांचे नाव विचारले होते व निबंधात लिहिले होते. ज्या शब्दांवरून आम्ही मोठी माणसे या भागात वर्षानुवर्षे वाद घालतो, त्यांतील एक शब्द दोन्हीकडे एकच आहे, हे तिला एका जेवणाच्या वेळात उमगले होते. हंपीच्या भग्न मंदिरांविषयी तिने चारच ओळी लिहिल्या होत्या, ही उणीव मी तिला दाखवली. पण तांबडा शेरा खोडला आणि दोन्ही गुण परत दिले.