शब्द, पृष्ठ आणि श्रोता : अरुण कोलटकर व नामदेव ढसाळ यांच्या काव्यव्यवहारातील दृश्यकलेचा सहभाग

गोषवारा : मराठी काव्यसमीक्षेत कवितेची दृश्यात्मकता प्रामुख्याने प्रतिमांच्या अंगाने अभ्यासली गेली आहे. कविता ज्या पृष्ठावर छापली जाते, ज्या चित्राच्या वा छायाचित्राच्या सोबतीने वाचकापुढे येते आणि ज्या वाचकवर्गासाठी ती सोबत योजलेली असते, त्यांचा विचार तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात अरुण कोलटकर आणि नामदेव ढसाळ या दोन कवींच्या आधारे कवी, दृश्यकलावंत आणि वाचक यांच्या परस्परसंबंधांची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : दृश्यकला, पृष्ठरचना, छायाचित्र, लघुनियतकालिके, वाचकवर्ग, लयतत्त्व.

१. प्रस्तावना

कविता ही शब्दांची कला आहे, हे विधान इतके सर्वमान्य आहे की, त्याच्या मर्यादांकडे सहसा लक्ष जात नाही. शब्द वाचकापर्यंत पोचतो तो कुणाच्या तरी आवाजातून किंवा कुणीतरी रचलेल्या पृष्ठावरून. महाराष्ट्राच्या परंपरेत याचे ठळक उदाहरण चित्रकथीचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या कलावंतांनी ही परंपरा जपली. चित्रकथीमध्ये निवेदक एकामागून एक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीने कथा गातो आणि कथेच्या गरजेनुसार चित्र बदलतो. तेथे शब्द, चित्र आणि श्रोता ही तीन अंगे एकाच प्रसंगात एकत्र येतात. त्या प्रसंगाचे नियंत्रण निवेदकाकडे असते. चित्र केव्हा दाखवायचे आणि किती वेळ धरायचे, हे तो ठरवतो.

आधुनिक मराठी कवितेत हे नियंत्रण कोणाकडे गेले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. कवीने चित्रकाराचे वा छायाचित्रकाराचे साहाय्य घेतले म्हणजे कविता आपोआप अधिक लोकांपर्यंत पोचते, असा एक समज आहे. तो समज तपासून पाहण्याची गरज आहे, कारण नवा वाचक मिळत असतानाच जुना वाचक दुरावण्याची शक्यताही त्यात असते.

या तपासणीसाठी बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचारातील तीन संज्ञांचा उपयोग केला आहे. कलाकृतीच्या घटकांमध्ये संवादलय, विरोधलय आणि समतोललय असे तीन प्रकारचे संबंध असतात, अशी मांडणी मर्ढेकरांनी केली. ती एका कलाकृतीच्या अंतर्गत रचनेविषयी आहे. शब्द आणि चित्र या दोन माध्यमांतील संबंधांना ती लावणे हा प्रस्तुत लेखाने केलेला विस्तार आहे, त्याची जबाबदारी मर्ढेकरांवर टाकता येणार नाही.

२. पार्श्वभूमी : श्रोत्यांकडे जाण्याचे दोन मार्ग

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी कविता श्रोत्यांपर्यंत नेण्याचे दोन भिन्न मार्ग दिसतात. पहिला मार्ग व्यासपीठाचा. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तीन कवींनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी एकत्र काव्यवाचन केले आणि पुस्तक विकत न घेणारा माणूसही कवितेचा श्रोता होऊ शकतो, हे दाखवून दिले. येथे कवितेचे वाहन होते कवीचा आवाज.

दुसरा मार्ग लघुनियतकालिकांचा. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्या मित्रमंडळाने ‘शब्द’ हे अनियतकालिक चालवले. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि इतर अनेक अंक आले. या चळवळीचा वाङ्मयीन बंडखोरपणा आपल्याकडे पुरेसा चर्चिला गेला आहे. मात्र तिचा आणखी एक विशेष असा की, छपाई, कागद, मुखपृष्ठ आणि वितरण या गोष्टी लेखकांनी स्वतःच्या हाती घेतल्या. ज्या मुंबईत १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, त्याच मुंबईत हे कवी वाढत होते. चित्रकार आणि कवी यांची ऊठबस एकाच शहरात होती आणि काही वेळा दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या. दिलीप चित्रे कवी, चित्रकार आणि ‘गोदाम’ या चित्रपटाचे दिग्दर्शक होते, गीव्ह पटेल कवी आणि चित्रकार होते, कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात दीर्घकाळ काम केलेले ग्राफिक कलावंत होते.

३. अरुण कोलटकर : पृष्ठ हेच व्यासपीठ

कोलटकर (१९३२-२००४) हे लोकांपासून दूर राहणारे, प्रसिद्धीपराङ्मुख कवी होते, असे वारंवार लिहिले जाते. व्यक्ती म्हणून ते खरे मानले तरी, कवी म्हणून त्यांना वाचकाची पर्वा नव्हती, असा निष्कर्ष त्यातून काढणे योग्य नाही. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर यांनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींनीच चालवलेली प्रकाशनसंस्था सुरू केली. ‘जेजुरी’ हे तिच्या पहिल्या पुस्तकांपैकी एक. १९७७ मध्ये या काव्यसंग्रहाला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. क्लिअरिंग हाऊसच्या पुस्तकांची दृश्यरचना कोलटकरांनी केली. म्हणजे इतर कवींच्या शब्दांना पृष्ठ देण्याचे काम करणारा कलावंतही तेच होते. त्याच वर्षी, १९७७ मध्ये, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह प्रास प्रकाशनाकडून आला आणि पुढेही त्यांची महत्त्वाची पुस्तके याच प्रकाशनाने काढली. एका प्रकाशकाशी आयुष्यभर राहिलेला हा संबंध केवळ स्नेहाचा म्हणून पाहता येणार नाही; पुस्तक कसे दिसावे यावर कवीचा शब्द अखेरचा राहील, अशी व्यवस्थाही त्यातून निर्माण झाली.

या दृश्यभानाचा परिणाम कवितेच्या आत कसा होतो? ‘जेजुरी’च्या अखेरीस, निवेदक देवस्थानातून रेल्वे स्थानकाकडे परतत असताना, ज्वारीच्या शेतात कोंबड्या उड्या मारताना त्याला दिसतात. येथे कवीने वर आणि खाली या अर्थाचे शब्द पृष्ठभर विखरून मांडले आहेत. वाचकाची नजर ओळीच्या सरळ मार्गाने जाऊ शकत नाही, तिला उड्या घ्याव्या लागतात. संपूर्ण काव्यमालिकेत शिळा, देव, पुजारी आणि भाविक यांच्याकडे संशयाने पाहणारा निवेदक या एकाच ठिकाणी थक्क होतो, आणि त्याच ठिकाणी मुद्रणाची शिस्त मोडते. आशय आणि मांडणी यांच्यातील ही संवादलय आहे.

याउलट इराणी हॉटेलवरच्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत चित्र हा कवितेचा विषयच आहे. इराणच्या शहाची तसबीर, तडा गेलेल्या कपाटातील केक आणि भिंतीवरचे अतिशय नीटनेटके निसर्गचित्र यांचे वर्णन कवी करतो. आणि मग तहानलेल्या माणसाच्या हातातील पाण्याच्या ग्लासातून ते सारे निर्दोष निसर्गदृश्य डगमगताना दिसते. बाजारू चित्रकलेची सफाई ज्याला आतून ठाऊक आहे, अशा माणसाने तिच्यावर केलेली ही टीका आहे. येथे शब्द चित्राला साथ देत नाही, त्याला हलवतो. ही विरोधलय होय. जाहिरातीच्या व्यवसायात राहून आकर्षक दृश्ये घडवणाऱ्या कवीने आपल्या कवितेत आकर्षकतेवर विश्वास ठेवलेला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

येथे एक अनुभव नोंदवणे आवश्यक वाटते. बहुभाषिक कवींचा अभ्यास या घटकाच्या निमित्ताने प्रस्तुत अभ्यासकाने ज्वारीच्या शेताची ती कविता वर्गासाठी स्वतः टंकलिखित केली. कागद वाचवण्यासाठी सर्व शब्द डाव्या समासाला लावून घेतले. विद्यार्थ्यांना ती कविता पोरकट पुनरुक्ती वाटली आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. पुढच्या तासाला मूळ पुस्तकातील पान दाखवले. एका विद्यार्थिनीने शब्दांवरून बोट फिरवत कविता वाचली, बोट वर-खाली होऊ लागले आणि वर्ग हसला. कवितेचा अर्थ समजावून सांगण्याची वेळच आली नाही. आदल्या तासाला शिकवलेली रचना कोलटकरांची नव्हती; ती टंकलेखनात तयार झालेली दुसरीच रचना होती. ही चूक वैयक्तिक असली तरी तिचे मूळ आपल्या अध्यापनपद्धतीत आहे. शब्द तेवढे उतरवले की कविता उतरली, असे आपण गृहीत धरतो.

मात्र कोलटकरांच्या भूमिकेलाही एक मर्यादा आहे. पृष्ठावर पूर्ण ताबा ठेवायचा, तर मोठ्या प्रकाशनव्यवहाराशी अंतर राखावे लागते. ‘भिजकी वही’ (२००३) या संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या हाती कोलटकर येतो तो बहुधा झेरॉक्स प्रतीच्या रूपाने. काळा घोडा परिसरातील वेसाइड इन या उपाहारगृहातील टेबलाभोवती जमणाऱ्या मित्रांना जो कवी सहज भेटत असे, तो या विद्यार्थ्याला त्याच्या पृष्ठासह भेटत नाही. ज्या कवितेत पृष्ठ हेच व्यासपीठ आहे, त्या कवितेच्या बाबतीत ही हानी अधिक आहे.

४. नामदेव ढसाळ : छायाचित्राची सोबत आणि नजरेचा प्रश्न

ढसाळांच्या (१९४९-२०१४) बाबतीत प्रश्नाचे स्वरूप बदलते. ‘गोलपिठा’ (१९७२) हा संग्रह विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. कामाठीपुऱ्याच्या परिसरातील बोली, शिव्या, व्यवहार आणि व्याधी यांनी भरलेली ही भाषा मध्यमवर्गीय मराठी वाचकाला परकी होती. म्हणून तेंडुलकरांची प्रस्तावना ही केवळ गुणवर्णनपर नाही. बाहेरच्या वाचकाला त्या वस्तीच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडण्याचे काम ती करते. कवितेला सोबतीची गरज पडली ती वाचकाच्या अपरिचयामुळे, कवितेच्या उणिवेमुळे नव्हे.

पुढे हेच काम दृश्यमाध्यमाने केले. जर्मन छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासह ढसाळ आणि चित्रे यांचा मुंबईवरील ग्रंथ १९९६ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये नवयान प्रकाशनाने ढसाळांच्या १९७२ ते २००६ या काळातील निवडक कवितांचे चित्रे यांनी केलेले इंग्रजी अनुवाद श्टेगम्युलर यांच्या छायाचित्रांसह काढले. ढसाळांची कविता जगभरच्या वाचकांपर्यंत नेण्यात या सहकार्याचा मोठा वाटा आहे, हे निःसंशय. कवी, अनुवादक आणि छायाचित्रकार हे तिघे परस्परांना दीर्घकाळ ओळखत होते. त्यामुळे याला प्रासंगिक सजावट म्हणता येणार नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. ढसाळांच्या कवितेतील ‘मी’ आतून बोलतो. तो वाचकाला बघायला बोलावत नाही. तो त्याच्या अंगावर येतो, त्याला जाब विचारतो. छायाचित्राचा स्वभाव निराळा आहे. ते वाचकाला सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहण्याची मुभा देते. ज्याचे चित्र काढले आहे तो माणूस गप्प असतो आणि पाहणाऱ्याला कितीही वेळ पाहता येते. दलित कवितेने ज्या नजरेविरुद्ध उठाव केला, त्या नजरेला छायाचित्र कळत-नकळत जागा करून देऊ शकते. दूरदेशीच्या वाचकाने आधी छायाचित्र पाहिले आणि मग कविता वाचली, तर कविता त्या छायाचित्राखालील मजकूर होण्याचा धोका संभवतो.

याला उत्तर म्हणून असे म्हणता येईल की, ढसाळांची भाषा इतकी उसळती आहे की कोणतेही छायाचित्र तिला बांधून ठेवू शकत नाही. वस्तूंच्या, अवयवांच्या, शिव्यांच्या लांबच लांब याद्या, संतकवितेपासून रस्त्यावरच्या हिंदीपर्यंत पसरलेला शब्दसंग्रह यांना स्थिर चित्रात पकडता येत नाही. अशा वेळी छायाचित्राची शांतता आणि कवितेचा आरडाओरडा यांच्यात विरोधलय निर्माण होते आणि दोहोंना बळ मिळते. हे प्रतिपादन मूळ मराठी कवितेबाबत मान्य करता येते. अनुवादात मात्र बोलीची धार अपरिहार्यपणे काही प्रमाणात उतरते, चित्राला मात्र अनुवाद लागत नाही. त्यामुळे परभाषेत समतोल चित्राच्या बाजूला झुकतो.

आणखी एक बाब अशी की, हे दोन्ही ग्रंथ मराठी नाहीत. कवी आणि छायाचित्रकार यांच्या सहकार्याचे पहिले श्रोते जर्मन आणि इंग्रजी वाचक होते. ज्यांच्या भाषेत आणि ज्यांच्याविषयी ही कविता लिहिली गेली, ते नव्हते. येथे दोष कवीकडे जात नाही. मराठी प्रकाशनव्यवहाराने कवितेच्या पुस्तकाला मुखपृष्ठापलीकडे दृश्यकलावंताची गरज आहे, असे क्वचितच मानले, त्याचा हा परिणाम आहे.

५. तुलना आणि समारोप

दोन्ही कवी मुंबईचे, दोघांचाही लघुनियतकालिकांच्या चळवळीशी निकटचा संबंध आणि दिलीप चित्रे हे दोघांना जोडणारे नाव. परंतु दृश्यकलेशी त्यांचे नाते परस्परविरुद्ध दिशांनी गेले. कोलटकरांनी चित्र स्वतःच्या हाती ठेवले आणि त्याची किंमत मर्यादित प्रसाराच्या रूपाने मोजली. ढसाळांनी चित्र दुसऱ्याच्या हाती दिले, त्यातून दूरचा वाचक मिळवला आणि आपल्या कवितेकडे पाहण्याची दिशा काही अंशी इतरांवर सोपवली. यांपैकी एक मार्ग श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ ठरवणे उचित होणार नाही. ग्राफिक कलावंताची साधने हाताशी असणे, हीही एक सामाजिक संधी आहे. ती प्रत्येक कवीला मिळत नाही.

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात :

१) कवितेची पृष्ठरचना ही काही कवितांच्या बाबतीत संहितेचाच भाग असते. अशा कविता पाठ्यपुस्तकात घेताना वा वर्गात वाटताना मूळ मांडणी राखणे ही संपादकाची आणि अध्यापकाची जबाबदारी आहे.

२) शब्द आणि चित्र यांच्यात केवळ संवाद असेल तर चित्र सजावटीच्या पातळीवर राहण्याचा संभव असतो, विरोधाची शक्यता जेथे असते, तेथे दोन्ही माध्यमे परस्परांची परीक्षा घेतात.

३) कवी आणि दृश्यकलावंत यांच्या सहकार्याचे मूल्यमापन करताना ते कोणत्या वाचकासाठी झाले आणि त्यातून कोण वगळला गेला, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

पिंगुळीचा निवेदक चित्र हाती धरून श्रोत्यांसमोर बसतो, तेव्हा ते श्रोते त्याच्याच भाषेचे असतात. आधुनिक मराठी कवितेला चित्राची सोबत मिळाली, दूरचे श्रोतेही मिळाले. ती सोबत आपल्या गावातील ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत पोचवण्याचे काम अद्याप बाकी आहे.