‘लागणे’ : कोश आणि वर्ग

आदिलाबादेत तेलुगुभाषिक मुलांना मराठी शिकविताना ‘लागणे’ या क्रियापदापाशी आम्हां शिक्षकांची कसोटी लागते. ‘मला मार लागला’ हे मुलांना सहज उमगते. तेलुगूतही ‘नाकु देब्ब तगिलिंदि’ असेच म्हणतात. परंतु ‘पैसे लागतात’ येथे त्यांना ‘कावालि’ आठवते, ‘जावे लागते’ येथे ‘वेळ्ळालि’. आणि उत्तरपत्रिकेत दोन्हीकडे ‘पाहिजे’ उतरते. मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती, १८५७) या क्रियापदाचे विविध अर्थ नोंदविले, हे ऋण थोरच. पण निव्वळ यादीतून मुलाला त्यांचे नाते दिसत नाही. आमच्या मते ते नाते स्पर्शाचे आहे. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे. तशी भूक जिवाला, खर्च कामाला, निकड माणसाला येऊन भिडते. तेव्हा ‘तगिलिंदि’पासून आरंभ करून हा अर्थविस्तार दाखवावा. गुण कापण्यापूर्वी एवढे तरी आपण केलेच पाहिजे.