‘एचएमटी टाइप’ : जुन्या यंत्रांच्या जाहिराती आणि नावाची नीती

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे. तो धरून तीन माणसं, दोन लेथ, एक मिलिंग. मोठ्या कारखान्याला माल देणाऱ्या व्हेंडरकडून त्याला काम येतं, म्हणजे साखळीतली ही तिसरी कडी. काम वाढलं तेव्हा आणखी एक जुना लेथ घ्यायचं ठरलं आणि मोबाइलवर त्याला जाहिरात सापडली. ठळक अक्षरांत ‘एचएमटी लेथ विकणे आहे’, खाली ‘रनिंग कंडिशन, सिंगल हँड यूज’, आणि हिरव्या ताज्या रंगाचा फोटो. चाकण रस्त्यावरच्या एका गोदामात जाऊन त्याने मशीन चालवून पाहिलं. हेडस्टॉकवर नावाची पाटी नव्हती, चार रिव्हेटची भोकं तेवढी होती. ‘पाटी पडली असेल’, असं उत्तर मिळालं. सौदा झाला.

पंधरवड्यात जॉबला टेपर येऊ लागला. बेड घासलेला होता, पण जुन्या मशीनचा बेड घासलेलाच असतो, त्यात फसवणूक नाही. फसवणूक सापडली ती त्याच्याकडच्या म्हाताऱ्या टर्नरला. त्याने हेडस्टॉकच्या बाजूचा रंग आणि त्याखालची लांबी खरवडली, तर ओतकामातली उठावाची अक्षरं ग्राइंडरने उडवलेली दिसली. लिव्हरची ठेवण पाहून तो म्हणाला, “हा बटाल्याचा आहे.” विकणाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने शांतपणे जाहिरात पुन्हा वाचायला सांगितली. शेवटच्या ओळीत होतं, ‘मेक : एचएमटी टाइप’.

या एका शब्दामुळे मी या जाहिराती वाचायला लागलो. साहित्याचा विद्यार्थी असल्याने मजकूर दिसला की त्याचा निवेदक कोण आणि तो काय लपवतो आहे, हे पाहण्याची सवय आहे. दोन वर्षं जमतील तितक्या जाहिराती वाचल्या, काही गोदामं पाहिली. पुढचं विवेचन त्यावर आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. दुसऱ्याचं नाव वापरलं की खोटेपणा झाला, असं नाही. पिंपरी-चिंचवडच्या मातीत तर नावं सैल होऊन सामान्यनामं होण्याची परंपराच आहे. ‘टेम्पो’ हे हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या तीनचाकीचं नाव. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली, पुढे आकुर्डीतून गाड्या निघू लागल्या, आणि मराठीने तो शब्द असा गिळला की सामानाची कुठलीही लहान गाडी टेम्पो झाली. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण सहलीला जाणारी मंडळी अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च ठरवतात. मॅटाडोरचंही तसंच. तळेगावात कारखाना असलेल्या जेसीबीचं नाव तर खड्डा खणणाऱ्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला लागतं, मग ते कुणीही बनवलेलं असो. ‘जेसीबी भाड्याने मिळेल’ या पाटीवर आपण खोटेपणाचा आरोप करत नाही, कारण त्या पाटीतलं नाव जात सांगतं, कूळ सांगत नाही.

‘एचएमटी टाइप’ हा प्रयोगही मुळात असाच प्रामाणिक होता, असं माझं मत आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली बंगळुरात सुरू झाली तीच मुळी स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनच्या सहकार्याने. म्हणजे अस्सल म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो तेही कुणाकडून तरी शिकलेलंच. बटाला, लुधियाना, राजकोट इथल्या कारखान्यांनी स्वस्तातले लेथ बनवले आणि भोसरी-चिंचवडच्या कितीतरी वर्कशॉपांची सुरुवात त्यांच्यावर झाली. त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. ‘टाइप’ म्हणजे त्या धर्तीचा. स्पेअर पार्टच्या डब्यावर ‘सुटेबल फॉर’ अशी बारीक अक्षरं आणि पुढे मोठं नाव असतं, तेही याच कुळातलं. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं कलम ३० अशा वापराला मोकळीक देतं : सुटा भाग कोणत्या मालाला बसतो हे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव घेता येतं, त्यातून माल त्याचाच आहे असा भास होता कामा नये.

भास कसा होतो, हा खरा समीक्षेचा प्रश्न. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत शब्दाशब्दाला पैसे पडत, तरी ‘टाइप’ नावाला चिकटून येई. आता शब्द फुकट आहेत, पण शीर्षकाला शोधपट्टीचं राज्य आहे. घेणारा ‘एचएमटी’ टाइप करतो (हा टाइप वेगळा), म्हणून शीर्षकात एचएमटी हवंच. ‘टाइप’ मग खाली सरकतो, फोटोंच्या पलीकडे, ‘अधिक वाचा’च्या आत. एकाच शीर्षकात चार-चार कंपन्यांची नावं ओळीने लावलेली मी पाहिली आहेत, लग्नपत्रिकेत आमंत्रकांची असतात तशी. मजकुरात सत्य हजर असतं. त्याला बसायला दिलेली जागा तेवढी दाराबाहेर असते. जो माणूस शीर्षकात सरळ ‘बटाला लेथ’ लिहितो त्याची जाहिरात एचएमटी शोधणाऱ्याला दिसतच नाही, आणि प्रामाणिकपणाचा हा दंड त्याला रोज भरावा लागतो. म्हणून सगळा दोष विकणाऱ्याच्या स्वभावावर ढकलणं मला अपुरं वाटतं. ‘मेक’ हा रकाना सक्तीचा करून त्यात ‘टाइप’ लिहिण्याची सोय ठेवणाऱ्या व्यवस्थेचाही त्यात वाटा आहे.

यावर एक चतुर आक्षेप घेतला जातो, आणि तो मला गोदामातच ऐकायला मिळाला. “साहेब, मोठे लोक काय करतात?” बोलणाऱ्याचा रोख चाकणकडे होता. फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातून २०१० मध्ये व्हेंटो निघाली, आणि २०११ मध्ये त्याच आवारातून स्कोडाची रॅपिड. सांगाडा तोच, इंजिनं तीच, तोंडवळा थोडा वेगळा आणि बिल्ला वेगळा. आज तायगुन आणि कुशाक, व्हर्टस आणि स्लाव्हिया यांचंही नातं सख्ख्या भावंडांचं आहे. मग एका लोखंडावर दोन नावं लावणं चालतं, तर एका नावाखाली दोन लोखंडं का चालू नयेत?

आक्षेप मला बरेच दिवस सतावत होता. आता वाटतं, जाहिरातीतलं नाव तीन गोष्टी सांगतं : वस्तू कोणत्या जातीची, कुणी बनवली, आणि बिघडली तर कुणाच्या दारात जायचं. रॅपिड घेणाऱ्याला स्कोडाच्या दारात जायचं हे पक्कं ठाऊक असतं आणि ते दार उघडं असतं. जास्त पैसे त्याने बिल्ल्यासाठी मोजले असतील, तो त्याच्या हौसेचा भाग. बजाजने १९७२ च्या चेतकचं नाव २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरला दिलं, तेव्हा जुन्या गाडीशी तिचं एकही बोल्ट जुळत नव्हतं. तिथे आठवणींचा व्यापार झाला असं म्हणा हवं तर, पण विजेच्या चेतकला किक शोधत कुणी फसलं नाही, आणि जबाबदार कंपनीही तीच राहिली. लेथच्या बाबतीत मात्र तिसरी गोष्टच पुसली गेली. ज्याचं नाव घेतलं त्याने ते मशीन बनवलंच नाही, आणि ज्याने बनवलं त्याचं नाव ग्राइंडरखाली गेलं. अक्षरं खरवडणाऱ्या हाताला आपण काय करतो आहोत हे नक्की कळत होतं. ‘टाइप’ हा शब्द नंतरच्या बचावासाठी ठेवलेला होता.

नाव म्हणजे काय, हे मोठ्यांना चांगलं कळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने चाकणला बनणारी विजेवरची ‘बीई ६ई’ जाहीर केली. ‘६ई’ हा इंडिगोच्या विमानांचा संकेत, म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि पंधरा दिवसांच्या आत, आपली बाजू न सोडता, महिंद्रने गाडीचं नाव ‘बीई ६’ केलं. विमानाचं तिकीट काढायला जाऊन कुणी मोटार घेऊन परतला नसता. तरी एका अक्षरासाठी दोन्हीकडे वकील उभे राहिले.

माझ्या मावसभावाच्या बाजूनेही कायदा आहे, कागदावर. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ म्हणतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. पण त्याच कायद्यात धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही. अपवाद आहे तो स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेणाऱ्याचा. हाताखाली दोन माणसं असलेला, स्वतः लेथवर उभा राहणारा मालक यात कुठे बसतो, हे सिद्ध करायला तारखा घ्याव्या लागतात, आणि तारखेच्या दिवशी एक लेथ बंद राहतो. त्याने हिशेब केला आणि तक्रार केली नाही. बेड ग्राइंडिंगला टाकून आणला, खरबरीत कामाला ते मशीन लावलं.

यंदा पावसाळ्यात ते विकायचं ठरलं. मी लिहिणारा म्हणून जाहिरात माझ्याकडे आली. आम्ही लिहिलं, ‘बटाला लेथ. बेड एकदा ग्राइंड केलेला. पाटी नाही, ओतकामातलं नाव आमच्याकडे येण्यापूर्वी घासून टाकलेलं.’ खरवडलेल्या जागेचा फोटोही लावला. तीन आठवडे फोन वाजला नाही. चौथ्या आठवड्यात वाजला. पलीकडचा माणूस कुदळवाडीहून बोलत होता. किंमत, चकचं माप सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, “दादा, म्हणजे एचएमटी टाइपच ना?”