प्रेमकादंबरीतले मूल

इंग्रजी प्रेमकादंबऱ्या आता आपल्या घरांतही वाचल्या जातात. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली त्या मोबाईलवरही वाचतात. त्यांना उथळ म्हणून हिणवणे सोपे आहे. आम्हांला मात्र या कादंबऱ्यांतल्या एका दुर्लक्षित पात्राविषयी बोलायचे आहे. ते पात्र म्हणजे नायकाचे किंवा नायिकेचे लहान मूल.

लंडनच्या मिल्स अँड बून (स्थापना १९०८) या प्रकाशनाच्या कादंबऱ्यांत एक साचा वारंवार भेटतो. नायिकेने एकटीने वाढवलेले मूल चार-पाच वर्षांचे होते. नायक परततो, मुलाचे डोळे थेट आपल्यासारखे आहेत हे त्याला दिसते आणि लग्न ठरते. इतकी वर्षे अब्बा कुठे होते, असे ते मूल विचारत नाही. पहिल्याच भेटीत ते अनोळखी माणसाच्या कुशीत झोपी जाते. नायक भला आहे, हे सिद्ध करण्यापुरतीच त्याची हजेरी!

निकोलस स्पार्क्स यांची ‘सेफ हेवन’ (२०१०) जरा वरच्या दर्जाची. मारकुट्या नवऱ्यापासून पळून आलेली केटी आणि जोश व क्रिस्टन या दोन मुलांचा विधुर बाप ॲलेक्स यांची ही गोष्ट. मुले गोड आहेत, जिवंत आहेत. पण नव्या बाईला संमती देते ती त्यांची मृत आई, मागे ठेवलेल्या पत्रातून. आईची जागा दुसऱ्या कुणी घ्यावी का, यावर मुलांचे म्हणणे काय, हे लेखकाने फारसे विचारलेले नाही. पत्र वाचताना आपले डोळे ओले होतात आणि प्रश्न राहून जातो.

ज्युलिया क्विन यांच्या ‘टू सर फिलिप, विथ लव्ह’मधली (२००३) ऑलिव्हर आणि अमांडा ही आठ वर्षांची जुळी भावंडे मात्र गप्प बसत नाहीत. घरात आलेल्या इलॉईजच्या वाटेत ती दोरी बांधतात. ती पडते, डोळा काळानिळा होतो. वाचक हसतो, पण हा खोडकरपणा आई गमावलेल्या मुलांचा आहे. बाप फिलिप स्वतः लहानपणी मार खाल्लेला. आपलाही हात उठेल या भीतीने तो मुलांपासून लांबच राहतो, आणि त्याच्या पाठीमागे दाई त्यांना मारते. न मारणारा बाप तेवढ्यावर चांगला बाप ठरत नाही, हे ही कादंबरी हसतखेळत सांगून जाते. शेवट घाईचा आहे, तरी मुलांचा राग खरा आहे.

कॉलीन हूवर यांच्या ‘इट एंड्स विथ अस’वर (२०१६) हिंसेला प्रेमाचा मुलामा दिल्याची टीका झाली, ती अगदीच गैरलागू नाही. पण तिच्या शेवटी लिली नवऱ्याला विचारते, उद्या आपली मुलगी मार खाऊन तुझ्याकडे आली तर तू तिला काय सांगशील? त्या उत्तरातच त्याला तलाक कळतो. नुकतीच जन्मलेली, एक शब्दही न बोलणारी मुलगी कथेचा निर्णय फिरवते. पुढच्या ‘इट स्टार्ट्स विथ अस’मध्ये (२०२२) नवे प्रेम येते, पण मुलीचा बाप नाहीसा होत नाही. मूल त्याच्याकडे सोपवायचे की नाही, ही धास्ती राहते. इथे प्रेमकादंबरी आयुष्याच्या जवळ येते.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने का मांडतो? तलाकशुदा किंवा बेवा बाईचे दुसरे लग्न जमताना आजही कित्येकदा अट घातली जाते: मूल नानीकडे ठेवा. बैठकीत सगळे बोलतात, मूल दाराआडून ऐकते. प्रेमकादंबरी त्या मुलाला घरात घेते, हा तिचा मोठेपणा. पण घरात घेऊन त्याला मुके ठेवणे ही त्याच अटीची गोड आवृत्ती आहे. अशी कादंबरी हाती आली की लग्न कुणाशी झाले एवढेच पाहू नये. त्या लग्नाआधी मुलाला कुणी काही विचारले का, हेही पाहावे. मराठीत अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्या आपल्या लेखिकांनी सुरुवातच त्या दाराआडून करावी.