सोन्याचा वर्ख आणि आल्बममधला माणूस

हाटकेशला आमच्या इमारतीत एका शिक्षकमित्राच्या घरी तंजावरी बालकृष्ण टांगलेला आहे. मी जवळ जाऊन पाहू लागलो तेव्हा तो म्हणाला, "सर, हात नका लावू, खरं सोनं आहे." त्याच्या मनात काही नव्हते. पण 'हात लावू नका' हे ऐकण्याची आमची सवय पिढ्यांची आहे. म्हणून ते चित्र पुन्हा नीट पाहिले.

कारागिरी नाकारण्याचे कारण नाही. फळीवर कापड चिकटवायचे, खडूची पूड आणि डिंक यांच्या लेपाने दागिने व महिरप उठावात आणायची, त्यावर सोन्याचा वर्ख, काचा नि खडे बसवायचे. देव मोठा, भक्त लहान. सावळा म्हणून गायिलेला कृष्ण इथे पुष्कळदा गोरा. ही केवळ शैली आहे असे मानायला मी तयार नाही. मोठेपणा आकाराने आणि सोन्याने मोजावा, हे मूल्य त्या शैलीतच आहे.

मराठी माणूस या चित्रांना अभिमानाने आपली म्हणतो. त्याला आधारही आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतले आणि दुसऱ्या सरफोजींच्या काळात (1798-1832) ही कला भरास आली. पण तंजावरच्या चित्रकारांनी इंग्रज साहेबांसाठी दुसरीही चित्रे काढली. कागदावर, जातीजातींच्या नवराबायकोंची. चांभार, विणकर, कुंभार अशी त्यांची ओळख. माणसाला स्वतःचे नाव नाही, अंगावर वर्खही नाही. देव देव्हाऱ्यात गेला, आमचा माणूस साहेबाच्या आल्बममध्ये. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, एवढीच माझी मागणी आहे.

आणि हे सोने आले कुठून? तंजावर म्हणजे कावेरीकाठचे भाताचे कोठार. त्या चिखलात राबणाऱ्या अस्पृश्यांना बृहदीश्वराच्या मंदिरात पाऊल ठेवायला 1939 साल उजाडावे लागले. पुढे त्याच तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी गावात, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. 25 डिसेंबर 1968 च्या त्या रात्री एका झोपडीत आसरा घेतलेली 44 माणसे जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका-मुले होती. खटल्यातील जमीनदार उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले.

मित्राने चित्र उतरवावे असे मी म्हणत नाही. पण ज्या समीक्षेला वर्खाचा उठाव दिसतो आणि त्याखालची जमीन दिसत नाही, ती अर्धीच समीक्षा आहे. उरलेली अर्धी आपल्यालाच लिहावी लागेल.